डीसीएस एफ-१४ टॉमकॅट: सिनेमातलं विमान, खऱ्या कष्टांसकट

हीटब्लर कंपनीचं ‘डीसीएस: एफ-१४ टॉमकॅट’ हे मॉड्यूल, म्हणजे डीसीएस या उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये जोडायचं विमान, मार्च २०१९मध्ये बाजारात आलं. घरच्या संगणकावर उडवायच्या लढाऊ विमानांत त्यानंतर बरीच भर पडली. तरीही विमानवाहू नौका आणि त्यांच्यावरचे सिनेमे यांचं वेड असलेल्या कुणी विचारलं, तर पहिलं नाव आजही याचंच घ्यावं लागतं. सिनेमात टॉमकॅट देखणं दिसतं. ते उडवायला किती अवघड होतं, त्यात दोन माणसं का लागायची आणि नौकेवर उतरताना चूक नेमकी कुठून सुरू व्हायची, हे मात्र इथे हाताला कळतं. घ्यायचं तर त्या अवघडपणासाठीच घ्यावं.

खरं टॉमकॅट अमेरिकेत आता फक्त संग्रहालयात, चाकांवर उभं असलेलं दिसतं. पहिलं उड्डाण २१ डिसेंबर १९७० रोजी झालं, एकूण ७१२ विमानं बनली आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी अमेरिकी नौदलाने त्यांना निरोप दिला. शहाच्या राजवटीत, इराण अमेरिकेचा मित्र असताना, ७९ टॉमकॅट इराणला मिळाली होती; पुढे दोघांत वैर आलं. त्यांचे सुटे भाग तिकडे पोचू नयेत म्हणून निवृत्त झालेली बरीच विमानं अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस-मॉन्थन तळावर अक्षरशः चिरडून भंगारात काढली गेली. महायुद्धातली मस्टँग विमानं आजही हौशी मालकांकडे उडतात. टॉमकॅटच्या वाट्याला ते आलं नाही. १९८६च्या ‘टॉप गन’साठी मिरामार तळावर आणि ‘एंटरप्राइझ’ नौकेवर खरी विमानं उडवून चित्रण झालं होतं. २०२२च्या पुढच्या भागात टॉमकॅट दिसतं खरं, पण तेव्हा अमेरिकेत उडण्याजोगं एकही उरलं नव्हतं. आकाशातली दृश्यं संगणकावर तयार करावी लागली. त्यामुळे ज्याला हे विमान समजून घ्यायचं आहे त्याच्यासाठी सिम्युलेटर हाच मार्ग उरतो.

आधी खरेदीचं बघू. डीसीएस वर्ल्ड हा मूळ कार्यक्रम फुकट आहे. त्यासोबत सु-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानं आणि कॉकेशस व मारियाना हे नकाशे मिळतात. टॉमकॅटचं मॉड्यूल वेगळं विकत घ्यायचं. मूळ किंमत ७९.९९ डॉलर, पण वर्षातून अनेकदा सवलत लागते, त्यामुळे घाई करू नका. या एका खरेदीत एफ-१४ए आणि एफ-१४बी अशी दोन्ही रूपं येतात, शिवाय ‘फॉरेस्टल’ ही जुन्या वर्गातली विमानवाहू नौकाही. डेकवर रंगीत जॅकेट घातलेली माणसं हातवारे करताना हवी असतील तर ‘सुपरकॅरिअर’ हे आणखी एक मॉड्यूल लागतं, त्याचे पैसे वेगळे. सुरुवातीला ते घेऊ नका. उतरायला शिकण्यासाठी त्याची गरज नाही, आणि तुमचं यंत्र जेमतेम असेल तर डेकवरची ती गर्दी चित्र अडखळवते.

एक गोष्ट आधीच ठरवा: स्टीमवरून घ्यायचं की डीसीएसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. स्वतंत्र आवृत्तीत मॉड्यूल १४ दिवस फुकट वापरून बघता येतं, स्टीमवर ती सोय नाही. स्टीमवर घेतलेलं मॉड्यूल नंतर स्वतंत्र आवृत्तीत नेता येतं, उलट दिशेने नेता येत नाही. म्हणून स्वतंत्र आवृत्तीच बरी.

यंत्राबाबत स्पष्ट सांगायला हवं. हा जड कार्यक्रम आहे. १६ जीबी रॅमवर तो चालतो, पण नौकेजवळ आल्यावर अडखळतो, आणि उतरताना नेमकं तिथेच अडखळून चालत नाही. ३२ जीबी घ्या. जागा एसएसडीवरच द्या, आणि भरपूर द्या, कारण नकाशे वाढत गेले की आकडा शेकडो जीबीत जातो. फिरत्या डिस्कवर हा कार्यक्रम टाकूच नका. जॉयस्टिक साधी असली तरी चालेल, पण रडरची (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) सोय हवीच, निदान पिळता येणारी स्टिक तरी. कीबोर्डच्या भरवशावर टॉमकॅट उडत नाही, त्याची कारणं पुढे येतीलच. पैसे उरले तर दोन भागांत विभागलेला थ्रॉटल (इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) घ्या. या विमानात दोन्ही इंजिनं वेगवेगळी हाताळण्याची वेळ येते. स्टिकच्या पुढे-मागे हालचालीला १० ते १५ची कर्व्ह (मधल्या भागात स्टिकची हालचाल सौम्य करणारी सेटिंग) दिली की शेवटच्या अर्ध्या मैलातला थरथराट बराच कमी होतो.

आता विमानाकडे. कॉकपिटचं काम इतकं बारकाईने केलं आहे की रंग उडालेल्या कडा, घासून गुळगुळीत झालेले खटके आणि काचेवरचे ओरखडे बघत बसावंसं वाटतं. पण खरी गंमत खटके योग्य क्रमाने लावण्यात आहे. आधी जमिनीवरच्या माणसांकडून वीज आणि दाबाची हवा मागवायची. मग क्रँकचा खटका उजवीकडे, आरपीएम (इंजिनाचे फेरे) २० टक्क्यांवर आले की उजवा थ्रॉटल ऑफमधून आयडलला. तापमान स्थिरावलं की डावीकडे तेच. मग बाहेरची वीज आणि हवा तोडायची आणि ‘एअर सोर्स’ दोन्ही इंजिनांवर ठेवायचा. तो विसरलात तर उपकरणांना थंड हवा मिळत नाही. त्यानंतर पिच, रोल आणि यॉ हे तीनही स्थिरीकरणाचे खटके लावायचे. हे विमान फ्लाय-बाय-वायर, म्हणजे स्टिकची हालचाल संगणकामार्फत नेणारं, नाही. स्टिक आणि शेपटी यांच्यामध्ये सळया आणि हायड्रॉलिक्स आहेत, आणि हे तीन खटके बंद राहिले तर विमान डुलत राहतं.

नवशिक्यांचं घोडं बहुतेक वेळा पंखांवर अडतं. उडताना टॉमकॅटचे पंख २० ते ६८ अंशांत फिरतात. डेकवर जागा वाचावी म्हणून ते ७५ अंशांपर्यंत मागे घेतात, त्याला ओव्हरस्वीप म्हणतात. विमान त्या अवस्थेत उभं असेल तर पंख पुढे आणायला थ्रॉटलशेजारचा आपत्कालीन दांडा वापरावा लागतो. त्याची झडप उघडा, दांडा वर उचला, पुढे न्या, पंख येईपर्यंत थांबा, मग दांडा खाचेत खाली बसवून झडप बंद करा. यानंतर मास्टर रीसेट दाबायचा आणि थ्रॉटलवरच्या खटक्याने ऑटो निवडायचं. बहुतेक जण मास्टर रीसेट विसरतात. मग पंखांचा संगणक कामाला लागत नाही, सूचनेचे दिवे जळत राहतात, आणि पंख मागेच राहिले असतील तर फ्लॅपही (कमी वेगात विमान तोलून धरणारे पंखांच्या कडेचे भाग) उतरत नाहीत. फ्लॅप न उतरलेलं विमान कॅटपल्टवर, म्हणजे डेकवरून विमान झटक्यात पुढे फेकणाऱ्या यंत्रावर, नेलं तर पुढे समुद्र आहे. पंख आपोआप पुढे-मागे करणारा तो संगणक १९७०च्या सुमारास बनलेल्या सूक्ष्म चिप्सवर चालत होता. त्या काळात ही फार पुढची गोष्ट होती. आकाशात ऑटोवर ठेवून मान वळवून बघा, वेग वाढतो तसे पंख मागे सरकत जातात. सिनेमात हे बघून अंगावर काटा आलेल्यांना इथे तो पुन्हा येईल.

कॅटपल्टवर जाण्यात फारसं कौशल्य नाही, सावकाशपणा लागतो. पंख २० अंशांवर, फ्लॅप पूर्ण, नाकाचा पाय दाबून खाली बसवणारा ‘नील’चा खटका, मग रेषेत हळू पुढे, आणि कॅटपल्टला जोडण्यासाठी यू कळ. वेग जास्त असेल तर शटलच्या (विमानाला ओढणारा कॅटपल्टचा भाग) पुढे निघून जाल आणि पूर्ण चक्कर मारून परत यावं लागेल. बी रूपाला मिलिटरी पॉवर पुरते, म्हणजे आफ्टरबर्नरशिवाय (जादा इंधन जाळून मिळणारा जोर) इंजिनाचा पूर्ण जोर, ए रूप जड असेल तर आफ्टरबर्नर लागतो. सुटल्यावर स्टिक मागे ओढू नका. नाक आपोआप वर येतं. घाबरून ओढलं की नाक गरजेपेक्षा वर जातं आणि विमान वेग न धरता पाण्याच्या वर लोंबकळत राहतं. चढ सुरू झाला की चाकं आत, आणि २२५ नॉटच्या आत फ्लॅप वर. पुढे लक्ष नसेल तर हा आकडा बघता बघता ओलांडला जातो, फ्लॅप बिघडतात आणि मग पंखही मागे जात नाहीत. अख्खी मोहीम तिथेच संपते.

ए आणि बी यांतला फरक बहुतेक परीक्षणांत एका ओळीत उरकलेला असतो. मला तो या मॉड्यूलचा गाभा वाटतो. बीमध्ये जनरल इलेक्ट्रिकची एफ११० इंजिनं आहेत, ताकद भरपूर, थ्रॉटल हवा तसा फेकता येतो. एमध्ये प्रॅट अँड व्हिटनीची टीएफ३० आहेत, आणि तीच सिनेमातल्या काळातली. या इंजिनाला तोंडाशी येणारी हवा सरळ आणि शांत लागते. नाक वर, वेग कमी, विमान थोडं तिरकं आणि त्यात थ्रॉटल झटक्याने पुढे, हे सगळं एकत्र आलं की कॉम्प्रेसर स्टॉल होतो, म्हणजे इंजिनातला हवेचा प्रवाह तुटतो. धप्प असा आवाज येतो, तापमान चढतं, आरपीएम पडतात. दोन्ही इंजिनं एकमेकांपासून सुमारे पावणेतीन मीटर लांब आहेत. त्यामुळे एकाने दम तोडला आणि दुसरं आफ्टरबर्नरमध्ये असलं तर विमान स्वतःभोवती फिरायला लागतं. फ्लॅट स्पिनची, म्हणजे विमान सपाट राहून भोवऱ्यासारखं फिरत खाली येण्याची, सुरुवात अशी होते.

स्टॉल झाला की पहिलं काम, नाक खाली आणि दोन्ही थ्रॉटल मागे. चालू असलेलं इंजिन जोरात ठेवून सावरण्याचा मोह होतो, पण विमानाला फिरवायला लागणारा जोर तेच पुरवतं. फिरणं सुरू झालंच असेल तर स्टिक पुढे आणि फिरण्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण. पूर्ण सपाट झालेला स्पिन मात्र सहसा सुटत नाही. १०,००० फुटांखाली अजून ताब्यात आलं नसेल तर कंट्रोल आणि ई तीनदा दाबा आणि बाहेर पडा. खऱ्या वैमानिकांनाही हीच उंची सांगितलेली होती. ‘टॉप गन’मधल्या स्पिनच्या दृश्यासाठी पिट्स विमानातून चित्रण करताना कसरतपटू वैमानिक आर्ट शॉल १९८५मध्ये पॅसिफिकमध्ये कोसळून मरण पावले, तो चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे. आणि २५ ऑक्टोबर १९९४ रोजी लेफ्टनंट कारा हल्टग्रीन ‘अब्राहम लिंकन’वर उतरत असताना त्यांचं एफ-१४ए पडलं. वळण मध्यरेषेच्या पलीकडे गेलं, ते सुधारताना डावा रडर दिला गेला, विमान तिरकं झालं, डाव्या इंजिनाच्या तोंडाशी हवा विस्कटली आणि ते बंद पडलं. त्यांच्या मागच्या सीटवरचा अधिकारी वाचला, त्या वाचल्या नाहीत. त्या अपघाताच्या बातम्या वाचलेल्याने सिम्युलेटरमध्ये ए रूप घेऊन वळणात मुद्दाम रडर जास्त द्यावा, म्हणजे काही सेकंदांत काय काय बिघडतं ते समजतं.

रडरचा आणखी एक मुद्दा. नाक वर असताना नुसती स्टिक बाजूला केली तर टॉमकॅटचं नाक उलटीकडे सरकतं. म्हणून कमी वेगात वळण रडरने सुरू करायचं आणि स्टिक जवळपास मध्ये ठेवायची. झटापटीत हे जमलं की विमान एकदम हलकं वाटायला लागतं. उतरताना रेषेत येण्यासाठी केलेल्या लहानशा दुरुस्तीलाही थोडा रडर लागतो, नाहीतर नाक डावी-उजवीकडे डोलत राहतं.

आणि आता उतरणं. हे एवढंच शिकण्यासाठी मॉड्यूल घेतलं तरी पैसे वसूल.

दिवसा, स्वच्छ हवेत पद्धत अशी: नौकेच्या उजव्या बाजूने, तिच्याच दिशेने, ८०० फुटांवर ३५० नॉटने या. नौकेच्या पुढे गेल्यावर डावीकडे वळण, थ्रॉटल मागे, स्पीडब्रेक बाहेर. २८० नॉटखाली चाकं, २२५ खाली फ्लॅप, आणि हुक (डेकवर आडव्या ताणलेल्या वायरमध्ये अडकून विमान थांबवणारा आकडा) खाली. ६०० फुटांवर उलट दिशेने उडा, नौका डावीकडे साधारण सव्वा मैलावर. तेवढ्या वेळात विमान १५ युनिट अँगल ऑफ अटॅकवर (समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा कोन) ट्रिम करून टाका, म्हणजे स्टिक न ओढताही ते तसंच राहील. डोळ्यांसमोरच्या इंडेक्सरवर मधला पिवळा गोल लागला म्हणजे बरोबर. वरचा हिरवा बाण म्हणजे हळू, खालचा लाल म्हणजे वेगात. दिवे लुकलुकत असतील तर हुक वरच राहिला आहे. वेगाचा आकडा इथे बघायचा नाही, कारण तो वजनाप्रमाणे बदलतो. गोल मात्र प्रत्येक वजनाला तोच.

नौकेचं शेपूट खांद्याच्या मागे गेलं की डावीकडे वळायला लागा. निम्म्या वळणात ४५० फूट. वळण संपताना डेकच्या डाव्या कडेच्या लेन्समधला दिवा, म्हणजे आपण उंच आहोत की खाली हे दाखवणारा बॉल, दिसायला हवा. तिथून पुढचे १५ ते १८ सेकंद तीनच गोष्टी बघायच्या: बॉल, मध्यरेषा, गोल. बॉल थ्रॉटलने सांभाळायचा, मध्यरेषा स्टिकने. नवशिका याच्या उलट करतो. बॉल खाली गेला की स्टिक ओढतो, क्षणभर बॉल वर येतो, पण वेग पडतो आणि पुढच्याच क्षणी विमान दगडासारखं खाली बसतं. थ्रॉटलही एकदा पुढे करून सोडून चालत नाही. पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे, असे त्याचे तीन लहान हिसके एका दुरुस्तीत होतात. हात सतत हलता हवा.

टॉमकॅटकडे इथे एक खास साधन आहे: डीएलसी, म्हणजे डायरेक्ट लिफ्ट कंट्रोल. फ्लॅप उतरलेले असताना ते सुरू केलं की पंखांवरचे स्पॉयलर (उचल कमी करणाऱ्या पट्ट्या) थोडे उचललेले राहतात. अंगठ्याखालची चकती पुढे केली की ते आणखी उठतात आणि विमान नाक न हलवता खाली बसतं. मागे केली की स्पॉयलर झाकतात आणि विमान वर तरंगतं. बॉल जरासा वर असेल तर थ्रॉटल कमी करण्यापेक्षा चकतीचा एक स्पर्श पुरतो. जॉयस्टिकवर हे साध्या बटणाऐवजी एखाद्या अक्षावर लावा, फरक लगेच कळेल. डीएलसी सुरू करायला विसरू नका, आणि ते सुरू केल्यावर पुन्हा ट्रिम करा, कारण त्याने उतार बदलतो.

वायर चुकतात त्याची कारणं ठरलेली आहेत. शेवटच्या दोन सेकंदांत डेककडे बघितलं, बॉल सुटला, आणि हुक चौथ्या वायरच्या पुढे टेकला. किंवा वेग जास्त, गोलाऐवजी लाल बाण, म्हणजे नाक खाली आणि हुक वर, त्यामुळे वायरांवरून तो नुसता सरकत गेला. किंवा उंच आहोत म्हणून थ्रॉटल पूर्ण मागे घेतला. ही शेवटची चूक जीवघेणी, कारण इंजिन परत जोर धरेपर्यंत डेकची मागची कड समोर आलेली असते. चाकं टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे, हे वायर लागली तरी आणि नाही लागली तरी. डेकवर येण्याआधी अँटीस्किड आणि स्पॉयलर ब्रेकचा खटका बंद हवा. तो चालू राहिला, आणि चाकं टेकल्यावर थ्रॉटल मागे असला, तर स्पॉयलर वर उघडतात. वायर सुटलेली असेल तर त्या विमानाला पुन्हा हवेत चढणं कठीण.

वजनाचं गणितही बघा. उतरताना विमान ५४,००० पौंडांच्या आत हवं. पोटातल्या टाक्यांत सुमारे १६,२०० पौंड इंधन मावतं, बाहेरच्या दोन टाक्या धरून २०,००० च्या आसपास. सहा फिनिक्स क्षेपणास्त्रांचंच वजन सहा हजार पौंडांच्या घरात जातं. ती न डागता परतलात तर उतरण्यासाठी इतकं कमी इंधन ठेवावं लागतं की दोन-तीन प्रयत्नांनंतर टाकी कोरडी. म्हणून नेहमीच्या गस्तीवर सहाच्या सहा नेत नसत. सरावाला दोन फिनिक्स, दोन स्पॅरो आणि दोन साइडवाइंडर एवढं पुरे.

मागच्या सीटवर जेस्टर आहे, संगणकाचा रिओ, म्हणजे रडार सांभाळणारा अधिकारी. ए कळ दाबली की त्याचा मेनू गोल चकतीत उघडतो. तो रडार चालवतो, रेडिओ लावतो, मागे कुणी आलं तर ओरडून सांगतो, चुकलात तर बोलूनही दाखवतो. त्याचा आवाज आणि बोलणं जिवंत आहे, काही वेळाने तो खरंच मागे बसला आहे असं वाटायला लागतं. पण झटापटीत चकती उघडून तीन पायऱ्या खाली जाणं जमत नाही. रोज लागणारे चार-पाच हुकूम थेट बटणांवर बांधून घ्या. लांबच्या लढाईत त्याची समज मर्यादित आहे. कोणतं लक्ष्य धोक्याचं हे तो नेहमी ओळखत नाही. खरा माणूस मागे बसला की मॉड्यूलचं रूपच पालटतं, मात्र त्याच्याकडेही ते विकत घेतलेलं हवं. आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसू शकणारा मित्र असेल तर त्याला पटवा. या विमानातलं निम्मं काम मागच्या सीटवर चालतं आणि सिनेमांत ते जवळपास दिसतच नाही.

एडब्ल्यूजी-९ रडार २४ लक्ष्यं एकाच वेळी पाळतीवर ठेवू शकत असे आणि सहांवर एकदम मारा करू शकत असे. २१ नोव्हेंबर १९७३च्या चाचणीत एका टॉमकॅटने ३८ सेकंदांत सहा लक्ष्यांवर सहा फिनिक्स सोडली, त्यातली चार लागली. मॉड्यूलमध्ये हे करून बघता येतं. मास्टर आर्म (शस्त्रं सोडू देणारा मुख्य खटका) चालू, ‘मिसाइल प्रेप’ चालू, जेस्टरला टीडब्ल्यूएस ऑटो (अनेक लक्ष्यं एकत्र पाळतीवर ठेवणारी रडारची पद्धत) सांगा, स्टिकवरून फिनिक्स निवडा. ३०,००० फुटांच्या वर आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपास असाल तरच सोडा. क्षेपणास्त्र आधी खूप उंच चढतं आणि मग खाली झेपावतं. खालून, हळू सोडलं तर ते अर्ध्या वाटेत दम तोडतं. प्रेप विसरलात तर कळ दाबूनही काही सुटत नाही. लक्ष्याने काटकोनात वळण घेतलं की त्याचा सापेक्ष वेग जमिनीसारखा दिसतो आणि रडार त्याला गाळून टाकतं. पडद्यावरची खूण निखळली म्हणजे ते क्षेपणास्त्र गेलंच समजा. एकच लक्ष्य असेल तर त्यावर थेट लॉक ठेवणं भरवशाचं. फिनिक्सची वागणूक अद्ययावत आवृत्त्यांमध्ये अनेकदा बदलली आहे, त्यामुळे आंतरजालावरचे जुने अंतरांचे तक्ते डोळे झाकून पाळू नका.

सिनेमाच्या आठवणींसाठी दोन मोहिमा स्वतः तयार करून बघा, संपादकात पंधरा मिनिटांचं काम आहे. ‘टॉप गन’मधलं ‘मिग-२८’ असं विमान अस्तित्वातच नव्हतं, ते काळ्या रंगातलं अमेरिकी एफ-५ होतं. डीसीएसमध्ये एफ-५ई शत्रू म्हणून ठेवता येतं, त्यासाठी ते विकत घ्यावं लागत नाही. ते लहान आहे, वळताना चपळ आहे आणि टॉमकॅटला पंख पुढे घेऊन वेग सांभाळत लढायला लावतं. दुसरी १९८०च्या ‘द फायनल काउंटडाउन’ची. त्यात ‘निमिट्झ’ नौकेवरची जॉली रॉजर्स तुकडीची टॉमकॅट महायुद्धातल्या जपानी झीरो विमानांचा पाठलाग करतात. पिस्टन इंजिनाचं टीएफ-५१डी समोर ठेवा आणि त्याच्या मागे राहून दाखवा. त्या वेगाला टॉमकॅट टिकवणं किती कठीण होतं हे त्या चित्रणातल्या वैमानिकांबद्दल आदर वाढवणारं आहे.

उणिवा आहेत. सोबतचे प्रशिक्षणाचे धडे सुरुवातीपुरते ठीक, पण उतरण्याचं शिक्षण त्यांतून पूर्ण होत नाही. पुस्तिका मोठी आहे आणि ती वाचावीच लागते. पर्शियन गल्फचा नकाशा, जिथे टॉमकॅट शोभतं, वेगळा विकत घ्यावा लागतो. डी रूप यात नाही. आणि ज्याला रोज अर्धा तासच मिळतो त्याला पहिले काही आठवडे फक्त खटके शिकण्यात जातील, हे समजून घ्या.

भारतीय नौदलाच्या प्रेमापोटी इकडे वळणाऱ्यांसाठी एक माहिती. ‘विक्रमादित्य’ आणि नव्या ‘विक्रांत’वर कॅटपल्ट नाही, पुढे उंचावलेला स्की-जंप आहे, आणि तिथलं मिग-२९के डीसीएसमध्ये उडवता येत नाही. त्या पद्धतीचा अनुभव हवा असेल तर ‘कुझनेत्सोव्ह’ या रशियन नौकेवर सु-३३ उडवावं लागेल. कॅटपल्टने सुटून वायरवर थांबण्याची पद्धत आपल्याकडे जुन्या ‘विक्रांत’वर होती, सी हॉक आणि अलीझे तशीच उडत. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे. शेपटीखालचा हुक जवळून बघा. एवढ्या लहान लोखंडावर अख्खं विमान थांबतं, हे सिम्युलेटर सुरू करण्याआधी बघितलेलं चांगलं.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी फुकटचा डीसीएस आणि टीएफ-५१डीवर रडरची सवय, मग १४ दिवसांचा टॉमकॅटचा प्रयोग, त्यात फक्त बी रूप आणि दिवसाचं उतरणं. सलग पाच वेळा वायर लागली तर सवलत बघून मॉड्यूल घ्या आणि ए रूपाकडे वळा. सुपरकॅरिअर आणि पर्शियन गल्फ त्यानंतर. रडर पेडल मात्र या सगळ्यांच्या आधी घेतले तरी चालतील.